निकालाची नक्कल आणि नोकरीचा अर्ज

फेब्रुवारी 2024 पासून मी लातुरातल्या एका डाळमिलमध्ये कारकुनी करतोय. त्याआधीचं वर्षभर नुसतं काम शोधण्यात गेलं. एम.ए. मराठी झालेलं होतं, डीटीपी म्हणजे छपाईसाठी संगणकावर पानं जुळवायचं काम येत होतं, कष्टाची तयारी होती. अडत होतं ते एकाच ठिकाणी: माझ्यावर फौजदारी गुन्हा शाबीत झालेला आहे. बांधाच्या, पाण्याच्या, शेतरस्त्याच्या भांडणातून केस झालेली पोरं आमच्याकडं गावोगाव आहेत. पोलीस भरतीत अशा पोरांचं काय होतं हे कुणीही सांगतं. साध्या खासगी नोकरीसाठी कोणता कागद कुठून आणायचा, हे मात्र कुणी सांगत नाही. म्हणून जसं घडलं तसं लिहितोय. मी वकील नाही. कायद्याचं जे लिहिलंय ते आमच्या वकीलसाहेबांपाशी बसून समजून घेतलेलं आहे. तुमच्या केसमध्ये तुमच्या वकिलाला विचारूनच पाऊल टाका.

कविता मी बारावीपासून लिहितो. गणपतीच्या कार्यक्रमाचं सूत्रसंचालन, गुरुजींच्या निवृत्तीचं मानपत्र, लग्नपत्रिकेतल्या चार ओळी, वर्षश्राद्धाच्या जाहिरातीतला मजकूर, हे सगळं तालुक्यातून माझ्याकडं येतं. त्याचे पैसे मागायची पद्धत नाही. शाल आणि नारळ मिळतो. कवीलाही किराणा भरावा लागतो हे आयोजकांच्या मनात येत नाही, आणि हे बदलायला हवं असं मला मनापासून वाटतं. घर चालायचं ते तालुक्याच्या एका छापखान्यातल्या डीटीपीच्या पगारावर.

आता केसचं. 2016चा उन्हाळा लातूरकर विसरणार नाहीत. शहराला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं. आमच्या गावात सामाईक विहिरीच्या तळाला जे काही उरलं होतं, त्यावरून भावकी एकमेकांच्या अंगावर जात होती. जूनमध्ये, मृगाचा पहिला पाऊस पडून गेल्यावर, पाइपलाइनवरून चुलत्यांशी भांडण झालं. काठी माझ्या हातात होती. चुलत्यांच्या डोक्याला टाके पडले. वडील आणि मी, दोघांवर भारतीय दंड विधानाची कलमं 324, 323, 504, 506 आणि 34 लागली. त्यातलं 324 म्हणजे घातक हत्यारानं दुखापत करणं. जामीन त्याच दिवशी झाला आणि पुढं पाच वर्षं तारखा चालल्या. मधल्या काळात दोन्ही घरांचं बोलणंचालणं सुरू झालं, चुलते स्वतः म्हणाले की मिटवून टाकू. तेव्हा कळलं की 324 आता आपसात मिटवता येत नाही, खालच्या कोर्टाला ती परवानगीच देता येत नाही. गुन्हा रद्द करून घ्यायचा तर उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात जायचं, आणि तेवढा पैसा दोन्ही घरांकडं नव्हता.

नोव्हेंबर 2021मध्ये प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांनी निकाल दिला. बाकीच्या कलमांतून सुटका झाली, 324 मध्ये आम्ही दोघं दोषी ठरलो. कोर्टानं तुरुंगात पाठवलं नाही. अपराधी परिवीक्षा (प्रोबेशन) अधिनियम, 1958 च्या कलम 4 खाली एक वर्षाच्या चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर, म्हणजे नीट वागायची लेखी हमी घेऊन, सोडलं आणि कलम 5 खाली चुलत्यांना दहा हजार रुपये भरपाई द्यायला सांगितली. जामीनदार म्हणून मामा सातबारा घेऊन आले. त्या दिवशी घरी सगळ्यांची एकच भावना होती की सुटलो. निर्दोष सुटणं आणि दोषी ठरून बंधपत्रावर सुटणं यांतला फरक कळायला नोकरीचा पहिला फॉर्म हातात यावा लागला.

बंधपत्राचं वर्ष जिल्हा परिवीक्षा अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली होतं. त्या मॅडमबद्दल चांगलंच लिहीन. एप्रिल 2022मध्ये उदगीरला 95वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं आणि कविकट्ट्यावर माझी कविता निवडली गेली. बंधपत्राची एखादी अट मोडली जाते की काय या धास्तीनं मी आधी मॅडमना फोन केला.

"उदगीर आपल्याच जिल्ह्यात आहे की," त्या म्हणाल्या. "जा, आणि कविता नीट म्हणा. परत आल्यावर मला ऐकवा."

विहिरीवरची कविता म्हटली. पुढच्या भेटीत मॅडमनी ती खरंच म्हणायला लावली. इथंच एक सांगून ठेवतो. देखरेखीचा काळ असेल तर त्या कार्यालयात वेळेवर जा आणि प्रत्येक हजेरीची तारीख डायरीत लिहून ठेवा. पुढं त्यांच्याच पत्राचा मला सगळ्यात जास्त उपयोग झाला.

नोव्हेंबर 2022मध्ये मुदत संपली. जानेवारीत छापखान्याच्या मालकांनी मशिनरी विकली. पत्रिका आता लोक मोबाइलवरच पाठवतात, त्यांना परवडेना. मी कामाला लागलो, म्हणजे काम शोधायला.

पहिली संधी पुण्याजवळच्या एका गोदामाच्या कार्यालयात होती. फोनवर मुलाखत झाली, पगार ठरला, राहायची सोयही मित्राकडं झाली. मग एक ऑनलाइन फॉर्म आला. त्यात प्रश्न होता: आपल्यावर कधी फौजदारी गुन्हा दाखल झाला आहे का? उत्तराला फक्त हो किंवा नाही. सविस्तर लिहायला जागाच नव्हती. मी 'हो' केलं. दोन दिवसांनी पडताळणी करणाऱ्या एजन्सीतून एका मुलीचा फोन आला. तिनं माझा खटला ई-कोर्ट्सवर, म्हणजे कोर्टांतल्या खटल्यांची माहिती देणाऱ्या सरकारी संकेतस्थळावर, आधीच शोधला होता. तिथं खटला निकाली आणि आरोपी दोषी, एवढंच दिसत होतं. बंधपत्राचा उल्लेख निकालपत्र उघडून शेवटच्या पानापर्यंत गेल्याशिवाय कळत नाही, आणि तेवढं वाचायला कुणाला वेळ असतो? मी फोनवर पंधरा मिनिटं विहीर, चुलते, बंधपत्र सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सर, याचं काही डॉक्युमेंट आहे का?" माझ्याकडं निकालाची साधी झेरॉक्ससुद्धा नव्हती. आठवड्यानं नकार आला, कारण न देता.

त्या रात्री मी पहिल्यांदा स्वतःचं नाव मोबाइलवर शोधून पाहिलं. एका दिवाळी अंकाची अनुक्रमणिका, उदगीरचा एक फोटो आणि खटल्याची नोंद. परका माणूस मला यातूनच ओळखणार. झोप लागली नाही. ज्यांना केस आहे त्या प्रत्येकानं हे एकदा करून बघावं असं मी सांगेन. ई-कोर्ट्सवर सोळा अक्षरी सीएनआर क्रमांक, म्हणजे त्या खटल्याचा स्वतःचा नंबर, टाकला की खटला निघतो. समोरच्याला काय दिसणार आहे, ते आपण आधी बघितलेलं बरं.

एप्रिलमध्ये सुरक्षा रक्षकाच्या कामासाठी गेलो. तिथला सुपरवायझर ओळखीचा होता, त्यानं तोंडावर सांगितलं, "दादा, तुमचं होणार नाही." खासगी सुरक्षा एजन्सींसाठी 2005चा कायदा आहे आणि कोर्टानं दोषी ठरवलेल्या माणसाला रक्षक म्हणून ठेवता येत नाही, असं त्यात लिहिलेलं आहे. वकीलसाहेब म्हणाले, यावर भांडता येईल, पण एजन्सी तुमच्यासाठी भांडत बसणार नाही. जूनमध्ये एका निवासी शाळेत मराठी शिक्षक कम रेक्टरची जागा निघाली. तिथं पोलीस पडताळणी लागतेच, लेकरांचा प्रश्न आहे, लागायलाच हवी. मुख्याध्यापकांनी माझं एक कवितावाचन ऐकलेलं होतं. ते म्हणाले, "तुमची कविता आम्ही वर्गात वाचून दाखवली आहे. पण संस्थाचालकांना मी काय दाखवू? चारित्र्याचा दाखला आणा, मग बघू." हे मला पटलं. दाखला काढायचं तिथं ठरलं.

दाखल्याचा अर्ज ऑनलाइन असतो. आधार, वयाचा पुरावा, रहिवासाचा पुरावा, फोटो आणि ज्या कामासाठी हवा त्या संस्थेचं पत्र. मी सेवा केंद्रातून भरला. शासनाचं शुल्क आणि केंद्राचे पैसे धरून दोनशेच्या आत झालं. अर्जातही गुन्ह्याबद्दल विचारतात. तिथं लपवाछपवी करू नका, पोलीस ठाण्याच्या नोंदीत ते आहेच. थोड्या दिवसांनी ठाण्यातून बोलावणं आलं. गोपनीयचं काम बघणाऱ्या अंमलदारांनी कागद बघितले, गावातल्या दोन माणसांची नावं घेतली, पोलीस पाटलांना फोन केला. पोलीस पाटलांनी नंतर मला सांगितलं की त्यांनी चुलत्यांनाच विचारलं होतं, काही त्रास आहे का म्हणून. चुलते म्हणाले, "पोरगं चांगलं हाय. आमचं आता काय नाय."

ऑगस्टच्या शेवटी दाखला आला. त्यावर गुन्ह्याचा नंबर होता, कलमं होती आणि पुढं लिहिलं होतं: प्रकरण न्यायप्रविष्ट. निकाल लागून पावणेदोन वर्षं झाली होती, पण ठाण्याच्या नोंदीत तो चढलेलाच नव्हता. निवासी शाळेची जागा तोवर भरली गेली होती. मी दाखला घेऊन ठाण्यात गेलो. अंमलदार वाईट बोलले नाहीत. रजिस्टर उघडून त्यांनी मला ती ओळ दाखवली. आमच्या नावांपुढचा निकालाचा रकाना कोरा होता. "कोर्टाचा कागद द्या, मी लिहून घेतो," म्हणाले. चिडून काही उपयोग नव्हता, तरी त्या दिवशी मला फार राग आला. एका कोऱ्या रकान्यापायी माझा अख्खा पावसाळा गेला होता.

आता नक्कल, म्हणजे निकालाची कोर्टानं शिक्का मारून दिलेली प्रत. ज्यांच्या केसचा निकाल लागलाय त्यांनी हा भाग सावकाश वाचावा. कोर्टाच्या नक्कल विभागात छापील नमुन्यात अर्ज करायचा. त्यात खटल्याचा नंबर, वर्ष, कोर्टाचं नाव, निकालाची तारीख आणि आपण आरोपी क्रमांक किती, हे लागतं. वर कोर्ट फी तिकीट लावायचं. पानांप्रमाणे पैसे होतात. माझं निकालपत्र वीसेक पानांचं होतं आणि खर्च फार आला नाही, एसटीच्या तिकिटांतच जास्त गेले. वेळ लागतो तो जुनी प्रकरणं अभिलेख कक्षातून खाली यायला. खिडकीतल्या बाईंनी पहिल्यांदा गेलो तेव्हाच सांगितलं की गुरुवारनंतर या, सोमवारी गर्दी असते. त्यांचं ऐकलं. साधारण तीन आठवड्यांनी नक्कल हातात पडली.

त्या कागदाकडं मी कोर्टाच्या पायरीवर बसून बराच वेळ बघत होतो. प्रत्येक पानावर गोल शिक्का. शेवटच्या पानावर खरी नक्कल असल्याचा शेरा, सही, आणि त्याखाली तारखांची उभी यादी: अर्ज केव्हा केला, नक्कल केव्हा तयार झाली, केव्हा दिली. त्याच्याच वर आदेशाचा परिच्छेद होता. निकाल लागला तेव्हा मागं उभं राहून फक्त ऐकला होता, वाचला कधीच नव्हता. न्यायाधीशांनी लिहिलं होतं की आरोपी क्रमांक 2 हा सुशिक्षित तरुण असून त्याच्याविरुद्ध यापूर्वीचा कोणताही गुन्हा नाही, परिवीक्षा अधिकाऱ्यांचा अहवाल अनुकूल आहे. माझ्याबद्दल शिक्का मारून लिहिलेल्या त्या दोन ओळी होत्या, आणि मी वर्षभर कुणालाच त्या दाखवू शकलो नव्हतो. एका अर्जात दोन-तीन प्रती मागून घ्या. एक पोलीस ठाण्याला लागते, एक मूळ म्हणून घरी राहते, एक फाइलला.

नक्कल जोडून ठाण्यात दुरुस्तीचा लेखी अर्ज दिला आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली. पोच घेताना संकोच करू नका. तीच पोच दाखवून नंतर जिल्ह्याच्या कार्यालयात विचारणा करता आली. दिवाळी मध्ये आल्यामुळं थांबावं लागलं, पण नोव्हेंबर संपता संपता नवा दाखला मिळाला. त्यात निकालाची तारीख आणि कलम 4 खाली बंधपत्रावर सोडल्याचा उल्लेख आहे. गुन्हा पुसला गेलेला नाही. मोठ्या माणसाचा गुन्हा रेकॉर्डवरून पुसून टाकण्याची सोय आपल्या कायद्यात नाही. अल्पवयीनांसाठी 2015च्या बाल न्याय कायद्यात ती आहे.

त्याच सुमारास वकीलसाहेबांनी 1958च्या त्याच कायद्याचं कलम 12 मला वाचून दाखवलं. कलम 3 किंवा 4 खाली सोडलेल्या माणसाला, दोषी ठरल्यामुळं दुसऱ्या एखाद्या कायद्यानं येणारी अपात्रता लागू होत नाही, असा त्याचा अर्थ. ऐकून अंगात बळ आलं. त्यांनी लगेच पुढचंही सांगितलं: सर्वोच्च न्यायालयानं 1990मध्ये बक्षी राम प्रकरणात स्पष्ट केलंय की या कलमानं अपात्रता जाते, दोषसिद्धी जात नाही, आणि मूळ वागणुकीचा विचार मालक करू शकतो. दुसरा निकाल 2016चा, अवतार सिंग प्रकरणातला. गुन्ह्याची माहिती लपवली तर मिळालेली नोकरीही जाऊ शकते. खरी माहिती दिली तर मालकानं सगळ्या बाबी तपासून निर्णय घ्यावा. पण नोकरी दिलीच पाहिजे, असं नाही. म्हणजे सांगायचं तर होतंच. प्रश्न फक्त केव्हा आणि कसं, एवढाच.

मी ठरवलं की फॉर्मची वाट बघायची नाही. पहिल्या भेटीत, पगाराची गोष्ट निघायच्या आत, आपण होऊन सांगायचं आणि सांगताना फाइल पुढं ठेवायची. वर एक पानाची माहिती माझ्याच हातची: काय घडलं, कोणतं कलम, काय निकाल, मुदत केव्हा संपली. विशेषणं काढून टाकली. कविता लिहिणाऱ्याला हे जड जातं. पहिला मसुदा दोन पानं झाला होता आणि त्यात दुष्काळाचं वर्णन होतं. वकीलसाहेबांनी तेवढंच खोडलं आणि म्हणाले, "इथं कारणं नकोत, तारखा पाहिजेत." त्याखाली नकलेची पानं, आदेशाच्या परिच्छेदाला पेन्सिलीनं बारीक खूण. मग मुदत समाधानकारक पूर्ण केल्याचं परिवीक्षा अधिकारी मॅडमचं पत्र, मी मागितल्यावर त्यांनी आठवड्यात दिलं होतं. मग नवा दाखला आणि छापखान्याच्या जुन्या मालकांची शिफारस. रिकाम्या महिन्यांत एमएस-सीआयटीच्या केंद्रात टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअरही शिकलो होतो, काही हजार गेले, त्यातले निम्मे आईनं म्हशीच्या दुधाच्या पैशातून दिले. त्याचं प्रमाणपत्र शेवटी. कवितांची कात्रणं ठेवावीत की नाही यावर बराच विचार केला. ठेवली, एकच पान. नाव शोधल्यावर जे दिसतं ते सगळंच माझं आहे.

फाइल असूनही दोन ठिकाणी नाही म्हणाले. एका पतसंस्थेत व्यवस्थापकांनी सगळं वाचलं, चहा पाजला आणि सांगितलं की आमच्याकडं पैशाचा व्यवहार आहे, संचालक मंडळ मान्य करणार नाही. वाईट वाटलं, पण पुण्याच्या नकारासारखं ते डोक्यात राहिलं नाही. निदान माझी पूर्ण गोष्ट ऐकून, माझ्याकडं बघून, कारण सांगून नाही म्हटलं होतं.

जानेवारीत नवी तूर बाजारात यायला लागली की लातूरच्या डाळमिलांना माणसं कमी पडतात. एका हमालमित्रानं सांगितलं की अमुक मिलमध्ये वजनकाट्यावर आणि बिलाला माणूस पाहिजे. गेलो. मालक काट्याच्या केबिनमध्येच बसले होते, मूठभर तूर हातात घेऊन ओल बघत. मी नमस्कार केला, शिक्षण सांगितलं आणि म्हणालो, "मालक, कामाचं बोलायच्या आधी एक सांगायचंय. माझ्यावर केस होती. त्यात दोषी ठरलोय. कागद आणलेत."

त्यांनी तूर खाली ठेवली, हात पुसले आणि फाइल घेतली. माहितीचं पान वाचलं, मग पेन्सिलीची खूण केलेला परिच्छेद. दुसऱ्यांदा वाचला.

"चुलते बोलतात का आता?"

"बोलतात. मागच्या महिन्यात त्यांच्या नातीच्या बारशाला मीच निवेदन केलं."

"विहिरीचं काय झालं?"

"पाळी लावून घेतो. तलाठ्यांसमोर कागद केलाय."

"आणि हे कवितेचं काय? रात्री कार्यक्रम असला की सकाळी सुट्टी मागणार का?"

"हंगामात नाही मागणार."

कलम 12 त्यांनी विचारलंही नाही. मिलला त्याची गरज नव्हती. महिनाभर बघू म्हणाले, साडेअकरा हजारांवर. फेब्रुवारीपासून हजेरीपटावर नाव आलं. गाडी आली की भरलेलं वजन, रिकामं वजन, पोती, कट्टी, ई-वे बिल, हे माझं काम. आता पगार चौदा हजार आहे आणि पीएफ कापला जातो. पहिल्या पगाराला वडिलांना सोबत घेऊन लातूरला आलो, त्यांना चष्मा करून दिला. केस माझ्या एकट्यावर नव्हती, त्यांच्यावरही तोच शेरा आहे, पण दाखला त्यांनी कधी काढला नाही आणि आता काढणारही नाहीत.

कार्यक्रम चालू आहेत, रविवारी. मानधन आता मी आधी विचारून घेतो, थोडं असलं तरी. एका ठिकाणी पाचशे मिळाले, एका ठिकाणी आयोजक नाराज होऊन दुसऱ्याकडं गेले. दोन्ही चालेल.

मागच्या महिन्यात शेजारच्या गावचा एक पोरगा मिलवर आला. शेतरस्त्याची केस, बारावी झालेला, डोळ्यांत तीच धास्ती. माझी फाइल त्याला दाखवली, माहितीच्या पानाचा नमुना लिहून दिला. त्याचा अजून निकाल लागायचा आहे, पुढची तारीख जवळ आहे. निकाल काहीही लागो, ऐकून तसंच घरी जायचं नाही, त्याच आठवड्यात नकलेचा अर्ज टाकायचा आणि एक प्रत ठाण्यात देऊन रजिस्टरचा रकाना आपल्या डोळ्यांदेखत भरून घ्यायचा, असं आमचं ठरलंय. त्या दिवशी मी सोबत जाणार आहे. मालकांना अर्ध्या दिवसाची रजा आधीच सांगून ठेवली आहे.